नादस्वरम कसं वाजतं आणि कशासाठी वाजतं

तमिळ लग्नात किंवा देवळात दिसणाऱ्या लांब, काळसर वाद्याला आपल्याकडे 'मद्रासी सनई' म्हणून मोकळे होतात. नातं आहे, यात शंका नाही. दोन्ही वाद्यं दुहेरी पत्तीची, दोन्हींची नळी खाली रुंदावत जाणारी आणि दोन्हींना मंगलवाद्याचा मान. पण सनई साधारण दीड फुटाच्या आसपास असते आणि आजचं नादस्वरम अडीच फुटांच्या पुढे जातं. पत्ती मोठी, फुंक जड, आवाज कितीतरी मोठा. बंद खोलीत जवळून ऐकलं तर कानठळ्या बसतात आणि ऐकणारा म्हणतो, हे काय कर्कश वाद्य! त्यात वाद्याचा दोष नाही. ते मोकळ्या रस्त्यावर, पालखीपुढे चालत, हजार माणसांच्या गलक्यातून ऐकू जावं म्हणून घडलं आहे. त्याचं लाकूड, पत्ती, साथ आणि त्यावर वाजणारं संगीत समजून घ्यायचं तर हा रस्ता डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. (नागस्वरम असंही म्हणतात, वाद्य तेच.)

वाद्याचे मुख्य भाग चार. लाकडी नळी म्हणजे उलवु. तिच्या खालच्या टोकाला कर्ण्यासारखा पसरट भाग, तो अणसु. वरच्या टोकाला बसणारी धातूची बारीक नळी, ती केंडै. आणि केंडैवर बसणारी दुहेरी पत्ती, सीवाळी. याशिवाय वाद्याला दोऱ्यांनी लटकवलेल्या दोनचार जादा सीवाळ्या आणि एक सुईसारखी काडी दिसते. ती पूर्वी हस्तिदंती असायची. हा सगळा लटकता सरंजाम शोभेसाठी असावा असं वाटतं, पण कार्यक्रम निभावतो तो त्याच्याच जोरावर. कसा, ते पुढे येतंच.

उलवु 'आच्चा' नावाच्या लाकडाची करतात. हे झाड आपल्यालाही अनोळखी नाही, मराठीत त्याला अंजन म्हणतात. लाकूड फार कठीण आणि जड. कुंभकोणमजवळच्या नरसिंगमपेट्टै गावातले कारागीर या कामासाठी प्रसिद्ध आहेत आणि तिथल्या नादस्वरमला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हे कारागीर ताजं लाकूड घेत नाहीत. पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया आणि खांब शोधून आणतात, तेही कित्येक दशकं वाळलेले. कारण साधं आहे. ओलसर लाकूड सुकताना सगळीकडून सारखं आकसत नाही, त्यामुळे आतला गोल पोकळ भाग किंचित लंबगोल होतो, भोकांची मापं सरकतात आणि कधी नळीला उभी चीर जाते. वादक दिवसातून अनेक तास ओली, गरम हवा आत सोडत असतो. लाकूड आधीच पुरतं मुरलेलं नसेल तर ही हवाच त्याला वाकवते.

तुकडा चौरस कापून, घासून गोल करतात आणि मग आतून भोक पाडतात. भोक सरळ एकाच जाडीचं नसतं. वरच्या टोकाला अरुंद आणि खाली रुंद हवं, म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या गिरमिटांनी टप्प्याटप्प्याने कोरत नेतात. अणसु वेगळ्या लाकडाचा, बहुधा वागै म्हणजे आपल्या शिरीषाचा.

नळी शंकूसारखी असण्याला ध्वनिशास्त्रात मोठं महत्त्व आहे. सगळीकडे सारख्या जाडीच्या नळीला पत्ती लावली, जशी क्लॅरिनेटला असते, तर जोर वाढवल्यावर सूर एकदम सप्तक आणि पंचम ओलांडून वर उडी मारतो. शंकूच्या आकारात तोच सूर नेमका एका सप्तकाने वर जातो. म्हणजे खालच्या सप्तकात जी बोटं, तीच वरच्या सप्तकात. फक्त ओठांची पकड आणि फुंक बदलायची. या एका सोयीमुळे सात भोकांतून अडीच सप्तकांच्या जवळपासचा पल्ला मिळतो.

भोकं मोजली तर बारा भरतात. वरची सात वाजवायची, एका हाताची तीन बोटं आणि दुसऱ्याची चार. खालची पाच बोटांसाठी नसतातच. त्यांतून हवा बाहेर पडते आणि सर्वांत खालच्या सुराची उंची ठरते. ती किंचित उतरवायची असेल तर यांतलं एखादं भोक मेणाने पूर्ण किंवा अर्धवट बुजवतात. वाद्य विकत घेताना मेण दिसलं म्हणून ते दुरुस्त केलेलं, खराब आहे असं समजू नये.

आता सीवाळी. या वाद्याचा जीव इथे आहे, आणि वादकांची बरीचशी डोकेदुखीही. कावेरीच्या खोऱ्यात नदीकाठी वाढणाऱ्या वेताच्या जातीच्या पोकळ गवतापासून ती करतात. तिरुवावडुदुरै हे गाव त्यासाठी नावाजलेलं. गवत कापून महिनोन्महिने वाळवतात, भाताबरोबर उकडतात, पुन्हा उन्हात टाकतात. मग तुकडे कापून, चपटे करून, पातळ खरवडून, दोऱ्याने गच्च आवळून बांधतात. तयार सीवाळी पंख्यासारखी दिसते: खाली गोल, केंडैवर बसेल अशी, आणि वर रुंद, चपटी, मधोमध बारीक फट असलेली.

फुंकल्यावर होतं काय? फटीतून हवा वेगाने जाऊ लागली की दोन्ही पाती एकमेकींकडे ओढली जातात आणि फट मिटते. हवा अडते, पाती पुन्हा उघडतात. ही उघडझाप सेकंदाला शेकडो वेळा होते. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली काळी दोन वाजवायची तर सुमारे ३११ वेळा. उघडझाप किती वेगाने व्हावी हे नळीतला हवेचा स्तंभ ठरवतो, आणि स्तंभाची लांबी बोटं ठरवतात. पण पत्ती फार ताठ किंवा फार मऊ असेल तर ती नळीचं ऐकत नाही. सूर फाटतो, चढतो, पडतो. म्हणून एकच वाद्य दोन सीवाळ्यांवर दोन वेगळी वाद्यं वाटतात.

वाजवण्याआधी सीवाळी तोंडात धरून ओली करतात. कोरडी पाती नीट मिटत नाहीत, हवा नुसती निसटते आणि फुसफुस ऐकू येते. उलट तास-दीड तास सलग वाजवल्यावर ती जास्त भिजते, मऊ पडते, आवाज बोदा होतो आणि सूर उतरू लागतो. तेव्हा वादक ती उतरवून जादा सीवाळी चढवतो. फट फार रुंद झाली असेल तर फुंक जड जाते आणि दम लवकर संपतो. मग सीवाळी बोटांत धरून हलकेच दाबतात. फट फार मिटली तर आवाज पातळ, चिरका येतो आणि जोर दिला की तो पुरता गुदमरतो. मग ती लटकलेली सुई आत घालून पाती अलगद उघडतात. मैफलीत दोन आलापींच्या मध्ये वादक खाली मान घालून काहीतरी खटपट करताना दिसतो, ती हीच.

सूर जुळवतानाही पहिला हात सीवाळीलाच जातो. ती केंडैवर जरा आत ढकलली की एकूण लांबी घटते आणि सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. पण इथे एक गोम आहे. दोन मिलिमीटर लांबी घटली तर खालच्या सुरांच्या लांब स्तंभात तो फरक किरकोळ, वरच्या सुरांच्या आखूड स्तंभात तुलनेने मोठा. त्यामुळे नुसती सीवाळी सरकवून जास्त फरक काढायला गेलं की खालचा सा जुळतो आणि वरचे सूर चढे राहतात. ठरावीक मर्यादेपलीकडे सीवाळी किंवा केंडैच बदलावी लागते. केंडैवर दोरा गुंडाळलेला असतो. तो सैल झाला की तिथून हवा गळते आणि सर्वांत आधी खालचे सूर बोलायचे बंद होतात. नवशिक्याच्या बाबतीत गळती बहुधा बोटांखालून असते: एखादं भोक पुरतं झाकलं गेलेलं नसतं, आणि खालचा सूर येण्याऐवजी वाद्य किंचाळून वरच्या सप्तकात जातं. सूर वर उडाला की नवशिका अधिक जोर लावतो आणि दुखणं वाढवतो. आधी बोटं तपासावीत.

दुसरी गोष्ट तापमानाची. थंड वाद्य आणि तापलेलं वाद्य यांचा सूर एक नसतो. नळीतली हवा दहा अंशांनी तापली तर आवाजाचा वेग सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, आणि सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका चढतो. एवढा फरक बेसूर वाटायला पुष्कळ झाला. म्हणून आधी पाच-दहा मिनिटं फुंकून वाद्य तापवावं, मगच श्रुतीला, म्हणजे आधाराच्या षड्जाला, जुळवावं.

नादस्वरम दोन आकारांत येतं. आखूड, उंच सुराचं ते तिमिरी, आणि लांब, खालच्या सुराचं ते बारी. तमिळनाडूत श्रुती 'कट्टै'त मोजतात. एक कट्टै म्हणजे आपली पांढरी एक, दीड म्हणजे काळी एक, दोन म्हणजे पांढरी दोन, अडीच म्हणजे काळी दोन. तिमिरी साधारण चार-पाच कट्टैच्या आसपास, बारी दोन-अडीचला. पूर्वी तिमिरीचं राज्य होतं, कारण उंच सूर लांबवर पोचतो. बारी रुळली ती मुख्यतः टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांच्यामुळे. तिरुवावडुदुरैचे हे वादक म्हणजे या वाद्याचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा माणूस. त्यांना गाण्याच्या जवळ जाणारा, भारदस्त, खालचा सूर हवा होता. शिवाय जुन्या वाद्यांवर शुद्ध मध्यम नेमका लागत नसे, तो फुंकेने सांभाळून घ्यावा लागे. नरसिंगमपेट्टैचे कारागीर रंगनाथन आचारी यांनी मापं बदलून ही अडचण सोडवली. आज मैफलीत दिसतं ते बहुतेक बारीच.

सात भोकांतून बारा स्वर कसे निघतात हा प्रश्न सनईवाल्यांनाही विचारतात, आणि उत्तर तेच आहे: भोक अर्धं, पाव, पाऊण उघडून आणि फुंकेचा दाब बदलून. पण नादस्वरमच्या बाबतीत हे नुसतं कोमल स्वर काढण्याचं तंत्र उरत नाही. कर्नाटक संगीतात स्वर उभा असा कमीच असतो. तो डोलतो, शेजारच्या स्वराला स्पर्श करून येतो. या हालचालीला गमक म्हणतात आणि रागाची ओळखच तिच्यावर चालते. बोट भोकावरून हळूहळू सरकवलं की सूर अखंड घसरतो, मध्ये पायऱ्या लागत नाहीत. हार्मोनियमला हे जमणारच नाही, वीणेला तार ओढून जमतं, आणि नादस्वरमला बोट आणि फुंक यांच्या जोडीने. फुंकेचे प्रकारही वेगळे आहेत. जिभेने 'तु-तु' असा आघात देत स्वर तोडणं म्हणजे तुत्तुकारम. जीभ न लावता एका श्वासात स्वर ओवत जाणं म्हणजे अकारम, आपल्या आकारातल्या तानेसारखं. चांगला वादक एकाच आलापात दोन्ही वापरतो, आणि वेगवान सरसर जाणाऱ्या बिर्क्यांमध्ये तर कुठे जीभ लागली आणि कुठे नाही हे सांगणं कठीण होतं.

साथीला तविल. फणसाच्या लाकडाचं पोट, उजवीकडे म्हशीचं ताणलेलं कातडं, डावीकडे बकऱ्याचं. उजव्या हाताच्या बोटांवर पिठाच्या खळीने कडक केलेल्या कापडाची टोपणं चढवतात, डाव्या हातात आखूड जाड काठी असते, पूवरसु नावाच्या झाडाची, म्हणजे कोकणात समुद्रकाठी वाढणारी भेंडी. नुसत्या बोटांनी वाजवलं तर या वाद्याशेजारी तबलाच काय, मृदंगही ऐकू येणार नाही, म्हणून ही सगळी तयारी. तिसरा साथीदार ओत्तु. दिसायला नादस्वरमसारखाच लांब, पण बोटांची भोकं नसलेला. त्याच्यावर फक्त षड्ज धरायचा, तोही न थांबता. नाकाने श्वास घेत असताना गालांत साठवलेल्या हवेने फुंक चालू ठेवायची. आपल्याकडे सनईच्या मागे नुसता सूर धरणारी दुसरी सनई असते, तिचंच हे काम. आता बहुतेक ठिकाणी ओत्तु जाऊन विजेवरची श्रुतीपेटी आली आहे. सोय झाली खरी, पण ओत्तु वाद्यांबरोबर तापत-चढत असे आणि पेटी जागची हलत नाही. चौथा झांजा धरणारा, म्हणजे ताळम. दोन नादस्वरम, दोन तविल, ओत्तु आणि ताळम अशा संचाला पेरिय मेळम, म्हणजे मोठा मेळ, म्हणतात.

या मेळाचं मूळ घर देऊळ. देवाचा दिवस नादस्वरमवर चालतो: पहाटे भूपाळम किंवा बौळी राग, अभिषेकाचं तीर्थ आणताना एक रचना, नैवेद्य नेताना दुसरी, रात्री देवाला शेजघरात नेताना नीलांबरी किंवा आनंदभैरवी. उत्सवमूर्ती बाहेर पडते तेव्हा मल्लारी वाजते. मल्लारी हा नादस्वरमचा खास ऐवज. तिला शब्द नसतात. राग गंभीरनाट, म्हणजे सा ग म प नी, सगळे शुद्ध, रे आणि ध वर्ज्य. एकच रचना आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट लयीत वाजवतात. तीर्थ मल्लारी, नैवेद्याची तळिगै मल्लारी, रथाची तेर मल्लारी असे प्रकार आहेत. ओळखणाऱ्याला देवळाबाहेर उभं राहूनही आत काय चाललंय ते कळतं.

मल्लारी संपल्यावर मात्र वादक मोकळा होतो, आणि संगीताच्या दृष्टीने खरी गंमत इथून पुढे आहे. पालखी देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवरून अतिशय सावकाश जाते, ठिकठिकाणी थांबते. एवढा वेळ भरायचा कशाने? शब्दांची कृती, म्हणजे बांधलेली रचना, पाच-सात मिनिटांत संपते. म्हणून वादकांनी रागाचा आलापच ताणला, तासन्‌तास. मैफलीत गायकाला वेळेचं बंधन असतं, रस्त्यावरच्या वादकाला ते नव्हतं. त्यातून एकेका रागाच्या कानाकोपऱ्यात जाणारी आलापना तयार झाली, आणि ती पुढे गायकांनी उचलली. जी. एन. बालसुब्रमण्यम यांच्या गळ्यातल्या वेगवान बिर्क्यांवर नादस्वरमची छाप आहे हे जाणकार मान्य करतात. राजरत्नम यांची तोडी आजही दंतकथेसारखी सांगितली जाते. इथे मराठी कानांनी एक लक्षात ठेवावं: कर्नाटकी तोडी म्हणजे आपली तोडी नाही. तिचे स्वर आपल्या भैरवीचे. मिया की तोडीची अपेक्षा ठेवून ऐकायला बसलात तर अर्धा तास चुकल्यासारखं वाटत राहील.

लग्नातलं काम वेगळं. विधी चालू असताना वादक हलकंफुलकं वाजवत असतात, पण त्यांचं लक्ष भटजींकडे असतं. मंगळसूत्र बांधण्याचा क्षण आला की कोणीतरी बोट उंचावून 'गेट्टि मेळम!' म्हणून ओरडतं, आणि तविल व नादस्वरम एकदम जोरात, जलद लयीत सुटतात. शिंक, रडणं, एखादा अशुभ शब्द त्या क्षणी कानावर पडू नये हा हेतू. आपल्याकडे मंगलाष्टकं संपताच 'वाजवा रे वाजवा' होतं, तसंच हे. फक्त इथे इशारा चुकला तर दोष वादकांच्या माथी येतो, म्हणून जुने लोक शेजारी एक तरबेज माणूस नुसता नजर ठेवायला बसवतात.

ही कला तमिळनाडूत प्रामुख्याने इसै वेळ्ळाळर समाजाने जपली. आंध्रात तिची वेगळी परंपरा आहे आणि तिथे मुस्लिम घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवळांत हे वाद्य वाजवलं आहे. शेख चिन्न मौलाना (१९२४–१९९९) मूळचे आंध्रचे, पण राहिले श्रीरंगममध्ये, रंगनाथाच्या सान्निध्यात. कालीशाबी महबूब आणि शेख महबूब सुभानी या दांपत्याला २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. राजरत्नम यांचे शिष्य कारुकुरिची अरुणाचलम यांचं वादन 'कोंजुम सलंगै' (१९६२) या चित्रपटात एस. जानकींच्या आवाजाबरोबर आहे. 'सिंगारवेलने देवा' हे ते गाणं, आभेरी रागातलं. वाद्य आणि गळा एकमेकांचा पाठलाग कसा करतात हे नवख्या श्रोत्याला दाखवायला याहून सोपं उदाहरण नाही. आभेरी आपल्या भीमपलासीच्या अगदी जवळचा, त्यामुळे कानाला परका वाटत नाही.

माइकचा मुद्दा कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी वाचावा. बहुतेक ध्वनिवाले माइक थेट अणसुच्या तोंडाशी लावतात. ते चूक. बहुतेक सुरांत आवाज मुख्यतः पहिल्या उघड्या भोकांतून बाहेर पडतो. सगळी भोकं बंद असतात तेव्हाच तो पूर्णपणे खालून येतो. अणसुपाशी माइक असेल तर काही सूर अंगावर येतात आणि काही हरवतात. माइक दीड-दोन फुटांवर, बोटं आणि अणसु यांच्या मधल्या भागाकडे रोखून ठेवावा. तविलला छोट्या सभागृहात माइकच लावू नये. आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या निदान पंधरा फूट मागे सरकवाव्यात.

प्रत्यक्ष ऐकायचं तर पौष महिन्यात, म्हणजे साधारण जानेवारीत, तिरुवैयारूला त्यागराज आराधनेची, म्हणजे संगीतकार त्यागराजांच्या स्मरणोत्सवाची, सुरुवातच नादस्वरमने होते. तंजावरहून ते गाव जवळच, त्यामुळे तिथलं सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाला वाट वाकडी करावी लागत नाही. मुंबईकरांना माटुंग्याच्या दक्षिणी देवळांतले उत्सव आहेत. जाल तेव्हा वादकांच्या अगदी पुढे उभं राहू नका. पालखीच्या मागे, वीस-पंचवीस पावलांवर चालत राहा. पत्तीची धार तिथवर येताना बोथट होते आणि गमकं स्वच्छ ऐकू येतात.